देहातील चिरेबंदी : मूत्राशयाचे अस्तर व आमचा एक प्रमाद

ज्या विषयावर चारचौघांत बोलू नये असे आपणां सर्वांस लहानपणापासून शिकविले गेले, त्याच विषयावर आज आम्ही लिहिणार आहोत. वाचकांनी, आणि विशेषेकरून वाचकभगिनींनी, आरंभीच पान उलटू नये एवढी विनंती आहे. विषय संकोचाचा खरा. परंतु हा संकोचच कित्येक घरांत दुखण्याचे मूळ होऊन बसला आहे, हे आम्हांस उतारवयात आणि घरच्याच अनुभवाने कळले.

आमचे वास्तव्य साताऱ्यास. मुलगी सांगलीस दिली आहे. गेल्या फाल्गुनात तिचा निरोप आला की, धाकटीला तीन दिवस ताप आहे, हुडहुडी भरते, पोट दुखते म्हणते, आणि ताप उतरून पुन्हा चढतो. आम्ही उभयता मिळेल त्या एस.टी.ने निघालो. नात नऊ वर्षांची, चौथीत जाणारी. घरात ऊन लागल्यापासून दृष्ट लागल्यापर्यंत सर्व कारणांची चर्चा होऊन गेली होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासावयास सांगितली, तेव्हा उलगडा झाला. मूत्रमार्गात जंतूंचा प्रवेश होऊन त्यांची मजल मूत्रपिंडापर्यंत गेली होती.

औषध लिहून देता देता बाईंनी मुलीच्या आईस एकच प्रश्न केला : "शाळेत दिलेली पाण्याची बाटली रिकामी येते, की भरलेली?"

आईस उत्तर सुचेना. उत्तर नातीने दिले, तेही आमच्याकडे पाहून : "आजोबा, मी शाळेत पाणी पीतच नाही. प्यायलं की जावं लागतं. तिथे दाराला कडी नाही आणि घाण वास येतो."

अकरा ते पाच, सहा तास, नऊ वर्षांची पोर तहान मारून बसत होती आणि घरात कोणासही पत्ता नव्हता! औषधाने नात दहा-बारा दिवसांत खडखडीत बरी झाली. आमच्या मनातून मात्र तो प्रश्न जाईना. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे वाईस शास्त्र्यांपाशी संस्कृत. शरीरशास्त्राशी आमचा संबंध बेताचाच. तरीही डॉक्टरीणबाईंस पुनःपुन्हा विचारून आणि मिळेल ते वाचून आम्ही जे समजून घेतले, ते येथे सांगतो.

अस्तर कशाचे?

आपली दोन मूत्रपिंडे अहोरात्रात सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यांतील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने मूत्राशयात येते. देहास नको असलेले क्षार व विषारी द्रव्ये त्यात एकवटलेली असतात; पाणी कमी प्यालेल्या माणसाचे मूत्र तर रक्ताच्या चौपट तीव्र होऊ शकते. असे हे पाणी आपण तासन्‌तास पोटात बाळगतो. ते पिशवीच्या भिंतीतून झिरपून परत रक्तात का मिसळत नाही?

मातीच्या घड्यातून पाणी पाझरते. मूत्राशयाची भिंत तर जिवंत मांसाची. शिवाय घड्याचा आकार बदलत नाही, मूत्राशय मात्र रिकामे असता सुरकुतलेले असते आणि भरले की त्यात चार-पाचशे मिलिलिटर मावतात. ताणले तरी फाटू नये, सैल झाले तरी गळू नये, असे हे अस्तर पेशींच्या अनेक थरांचे असते. सर्वांत वरच्या थरातील पेशी मोठ्या व पसरट असून खालच्या पेशींवर छत्रीसारख्या पसरलेल्या असतात. शास्त्रज्ञांनी त्यांस 'छत्रपेशी' अशा अर्थाचेच नाव दिले आहे. छत्रपतींच्या राजधानीत राहणाऱ्या आम्हांस हे नाव विशेष गोड वाटले.

या छत्रपेशींच्या मूत्राकडील पृष्ठभागावर प्रथिनांची फरसबंदी असते. प्रथिन म्हटले की आपणांस डाळ व दूध आठवते. परंतु प्रथिन हे केवळ अन्नद्रव्य नव्हे. देहातील नाना प्रकारची यंत्रे, दोरखंड, कुलपे आणि विटा यांचे साहित्य प्रथिनांचेच असते. मूत्राशयाच्या अस्तरातील या विशिष्ट विटांस 'युरोप्लाकिन' म्हणतात. न्यूयॉर्क विद्यापीठातील तुंग-तिएन सुन व त्यांचे सहकारी यांनी १९९० पासून पुढील चार-पाच वर्षांत गाईच्या मूत्राशयावर काम करून ही प्रथिने एकामागून एक ओळखली. त्यांत प्रमुख चार. त्यांची नावे युरोप्लाकिन एक-अ, एक-ब, दोन व तीन-अ अशी रूक्ष आहेत; परंतु व्यवस्था पाहण्याजोगी आहे. एक-अ ची जोडी दोनशी आणि एक-ब ची तीन-अ शी जुळते. अशा सहा-सहा घटकांचा मिळून एक कण होतो, आणि हे कण मधाच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी रचनेत एकमेकांस खेटून बसतात. एका कणाचा व्यास सुमारे १६ नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरात ते ओळीने साठ हजारांहून अधिक बसतील.

आमच्या घराच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्याचा तट दिसतो. शेकडो पावसाळे त्याने अंगावर घेतले, ते चिऱ्याला चिरा घट्ट बसला होता म्हणून. मूत्राशयाची चिरेबंदी याहून एका बाबतीत वरचढ आहे. छत्रपेशींच्या पोटात या फरशांचे तयार तुकडे साठविलेले असतात. मूत्राशय भरू लागले की ते वर येऊन पृष्ठभागात सामील होतात. रिकामे झाले की पुन्हा आत ओढले जातात. गरजेप्रमाणे तट लांबतो आणि आखडतो! ही प्रथिने नसतील तर काय होते, हेही तपासले गेले. २००० साली सुन यांच्याच प्रयोगशाळेत युरोप्लाकिन तीन ज्यांच्या देहात बनत नाही असे उंदीर तयार केले गेले. त्यांच्या फरशा आखूड राहिल्या, अस्तर पाझरू लागले आणि मूत्र उलट मूत्रपिंडाकडे चढू लागले.

शत्रूची पकड

एवढी तटबंदी असता जंतू आत शिरतात कसे? साध्या मूत्रविकारांपैकी सुमारे ऐंशी टक्के विकारांत अपराधी एकच असतो : 'ई. कोलाय'. थिओडोर एशेरिश या वैद्याने १८८५ साली या जातीच्या जंतूचे वर्णन केले. तो आपल्या आतड्यात राहतो आणि तेथे बहुधा निरुपद्रवी असतो. अपराध त्याच्या स्थानांतराचा आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरांच्या आसपास लांब, पुरुषांचा त्याच्या चौपट-पाचपट. म्हणून हा विकार स्त्रियांस कितीतरी अधिक होतो. निम्म्याहून अधिक स्त्रियांस आयुष्यात एकदा तरी तो गाठतो. तेव्हा ज्या भगिनीस हा त्रास झाला असेल तिने आपल्या हातून काही अमंगळ घडले असे मानून मनात कुढू नये. दोष शरीररचनेचा आहे, शीलाचा नव्हे.

मूत्राच्या प्रवाहाबरोबर जंतू वाहून जावयाचे. पण या जंतूच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि तंतूच्या टोकाशी एक आकडा असतो. तोही प्रथिनाचाच, नाव 'फिम-एच'. मॅनोज नावाची एक साखर आहे, ती या आकड्यात नेमकी अडकते. आणि दैवदुर्विलास असा की, आपल्या फरसबंदीतील युरोप्लाकिन एक-अ या प्रथिनावर हीच साखर असते! ज्या चिऱ्याने तट उभा राहिला, त्याच चिऱ्याच्या खोबणीत शत्रूची घोरपड चिकटते.

एकदा पकड मिळाली की काही जंतू पेशीच्या आतही शिरतात. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, अशा वेळी बाधित छत्रपेशी आपण होऊन सुटतात आणि जंतूंसह मूत्रावाटे बाहेर पडतात. तटावरील शिपायाने शत्रूस मिठी मारून खाली उडी घ्यावी, तसा हा प्रकार. तट मात्र तेवढ्यापुरता उघडा पडतो, खालच्या कोवळ्या पेशी मूत्राच्या माऱ्यास येतात, आणि काही जंतू आत दडून राहू शकतात. बरे वाटले म्हणून तीन दिवसांचे औषध दोन दिवसांत थांबविणारांनी हे ध्यानात घ्यावे.

मूत्रातील घटोत्कच

निसर्गाने आणखी एक योजना करून ठेविली आहे. मूत्रपिंडात 'युरोमोड्युलिन' नावाचे प्रथिन तयार होते. निरोगी माणसाच्या मूत्रात सर्वांत अधिक असणारे प्रथिन ते हेच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी १९५० साली ते वेगळे काढले. म्हणून पुष्कळ दिवस त्यास त्या दोघांचे नाव होते. तथापि त्याचे हे कार्य उलगडावयास अर्धशतक लागले.

युरोमोड्युलिनचे लांब तंतू मूत्रात तरंगत असतात, आणि त्यांच्यावरही मॅनोज साखर टांगलेली असते. जंतूचा आकडा अस्तरावर पोचण्यापूर्वीच या तंतूंत गुंततो, जंतूंचे पुंजके होतात आणि मूत्राबरोबर ते बाहेर जातात. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेविलेली शक्ती घटोत्कचाने आपल्या अंगावर घेतली आणि अर्जुन वाचला. ही कथा आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! आपल्या देहातही असा एक घटोत्कच आहे, हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते. हे प्रथिन ज्यांच्यात नाही असे उंदीर या जंतूस सहज बळी पडतात, असे २००४ साली दिसून आले. आणि तंतू जंतूस नेमके कसे वेढतात याचे चित्र झुरिकच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केले.

येथे एक खुलासा अवश्य आहे. "लघवीत प्रथिन सापडले" असे डॉक्टर चिंतेने म्हणतात ते या प्रथिनाविषयी नव्हे. ती चिंता बहुधा 'अल्ब्युमिन' या रक्तातील प्रथिनाची असते. ते मूत्रात उतरू लागले की मूत्रपिंडाची गाळणी बिघडल्याचा संशय येतो.

दुसरी गोष्ट. ही साखर जंतूस गुंतविते, तर मॅनोजची पूड खाऊन विकार का टाळू नये? अशा पुड्या बाजारात विकल्याही जातात. परंतु इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे सहाशे स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने रोज ही पूड घेऊनही विशेष लाभ दिसला नाही. तर्क सुंदर असला म्हणून औषध लागू पडतेच असे नाही.

पाण्याची महती

सांगलीस आमच्या मंडळींचे माहेर. त्यामुळे कृष्णेचा घाट आमच्या परिचयाचा आहे. चैत्र-वैशाखात पाणी ओसरले की पायऱ्यांशी हिरवे शेवाळ धरते. पाणी वाहते झाले की तेच शेवाळ टिकत नाही. मूत्रमार्गाचेही तसेच आहे. घटोत्कचाने बांधलेले जंतू बाहेर न्यावयास प्रवाह हवा. प्रवाहच नसेल तर बांधलेला शत्रू आतच राहतो आणि सुटलेला वाढतो. दर चाळीस मिनिटांस एकाचे दोन असे सावकाश गणित धरले, तरी शाळेच्या सहा तासांत एका जंतूचे ५१२ होतात.

हे नुसते अनुमान नव्हे. बल्गेरिया देशात वारंवार हा विकार होणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाने नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी रोज अधिक प्यावयाचे, दुसऱ्याने पूर्ववत् राहावयाचे. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, वर्षभरात दुसऱ्या गटात सरासरी ३.२ वेळा विकार उद्भवला, पहिल्या गटात १.७ वेळा. जवळजवळ निम्मा!

दुसरी पाहणी तर आमच्या व्यवसायाची. अमेरिकेतील शिक्षिकांस १९९७ साली विचारले असता सुमारे निम्म्या जणींनी सांगितले की, वर्ग सोडून जाता येत नाही म्हणून आम्ही कामावर मुद्दाम पाणी कमी पितो. अशा शिक्षिकांत या विकाराचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आढळले. मात्र कामाच्या वेळात क्वचित लघुशंकेस जाणे एवढ्यानेच विकार वाढल्याचे त्या पाहणीत दिसले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तहान मारणे हा मोठा अपराध ठरला.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'नवेगान्धारणीय' नावाचा सातवा अध्याय आहे. जे वेग रोधू नयेत असे तेरा वेग त्यात मोजले असून मूत्रवेगाचा उल्लेख आरंभीच आहे. तहानही त्या तेरांत आहे. आमच्या पूर्वजांस युरोप्लाकिन ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. तसे म्हणणे त्यांच्यावर आणि सत्यावर दोहोंवर अन्याय होईल. त्यांनी रोग्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहिले आणि नियम सांगितला; कारण शोधण्याचे काम पुढच्यांवर सोपविले. खेद इतकाच की, तो अध्याय ज्यास पाठ होता अशा मनुष्यानेच त्याच्या विरुद्ध वर्तन केले. तो मनुष्य म्हणजे आम्ही.

आमचा प्रमाद

ज्या शाळांत आम्ही संस्कृत शिकविले, त्यांपैकी एकीत मुलींकरिता म्हणून जी जागा होती ती मैदानाच्या टोकास, मोडक्या दाराची, पाण्यावाचून. शिक्षक म्हणून आम्ही ती रोज लांबून पाहत होतो. एके दिवशी शब्द चालविण्याचा तास होता. मागच्या बाकावरील एका मुलीने करंगळी वर केली. वर्गात हशा पिकला. आम्ही म्हणालो, "सप्तमीपर्यंत आलो आहोत, विभक्ती पूर्ण होऊ दे. बस खाली." ती मुलगी बसली. त्या वर्षात तिने पुन्हा कधी करंगळी वर केली नाही, आणि आम्ही मनात म्हणालो, मुलीस शिस्त लागली!

पुढे ती मुलगी पंधरा दिवस शाळेत आली नाही. घरून चिठ्ठी आली, त्यात 'ताप' एवढाच शब्द होता. दोहोंत कार्यकारणभाव होता असे आम्ही सिद्ध करू शकत नाही. कदाचित तो काकतालीय न्यायही असेल. परंतु सांगलीस नातीच्या उशाशी बसलो असता आम्हांस ती मुलगी आठवली आणि मान वर करवेना. आमच्या नातीच्या वर्गातही कोणी आमच्यासारखाच विद्वान उभा असेल, असे वाटून गेले.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यात मुलामुलींकरिता स्वतंत्र स्वच्छतागृहे व पिण्याचे पाणी शाळेत असलेच पाहिजे असे म्हटले आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तशी आज्ञा केली. केरळातील शाळांनी २०१९ साली पाणी पिण्याची स्वतंत्र घंटा सुरू केली. कायद्याने भिंती उभ्या राहतात. दाराला कडी, नळाला पाणी आणि गुरुजींच्या तोंडी "जा बाळ" हे शब्द मात्र माणसांनीच आणावे लागतात.

प्रवासातही तीच कथा. साताऱ्याहून सांगलीस निघावयाचे म्हणजे आमच्या मंडळी सकाळी अर्धा कप चहासुद्धा घेत नाहीत. तीस-चाळीस वर्षे हा नेम चालला आणि आम्ही तो सोशिकपणा म्हणून वाखाणीत आलो. या वेळी परतताना मात्र आम्ही कऱ्हाडास उतरून चौकशी केली, त्यांस स्वच्छ जागा मिळेपर्यंत थांबलो आणि मागची गाडी धरली. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच विचारलंत." या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

घरोघरी काय करावे?

मुलांची पाण्याची बाटली संध्याकाळी उचलून पाहावी. शाळेतील ती जागा कशी आहे, हे मुलीस प्रेमाने विचारावे. ती आपण होऊन सांगणार नाही. मूत्राचा रंग फिकट गवती राहील इतके पाणी दिवसभरात विभागून प्यावे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारांनी पाण्याचे मान डॉक्टरांस विचारावे. मलावरोध होऊ देऊ नये, कारण मुलांत तोही या विकारास साहाय्य करतो. मुलींस शौचानंतर स्वच्छता पुढून मागे करण्याची सवय लावावी. पाळी गेलेल्या स्त्रियांस हा त्रास वाढतो, त्यावर उपाय आहेत. आणि आमच्या वयाच्या पुरुषांनी धार मंदावल्यास ते वयाचे म्हणून अंगावर काढू नये.

जळजळ झाली तर कपाटातील जुन्या गोळ्या शोधू नयेत. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. ताप, हुडहुडी, कुशीत वेदना, वांती, मूत्रात रक्त, किंवा गरोदरपण असता जळजळ, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

नातीच्या शाळेत जावई व आम्ही मिळून गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. पुढच्या आठवड्यात दाराला कडी बसली, दिवाही लागला. पाण्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे. बाटली आता बहुतेक रिकामी येते असे मुलगी कळविते.

हे वाचून एखाद्या गुरुजींनी करंगळी वर करणाऱ्या मुलीस विभक्ती अर्धी टाकून जाऊ दिले, किंवा एखाद्या गृहस्थाने प्रवासात पत्नीस तो साधा प्रश्न विचारला, तरी या विषयावर लिहिण्याचा संकोच आम्ही मोडला तो सार्थकी लागला असे आम्ही समजू.